वर्ग दुसरा

पावसाळ्यानंतरची तपासणी. प्रपत्र सोळा पानांचं.
मी, कनिष्ठ अभियंता,
आणि पुढे काठीनं बेशरमाची झुडपं सारत
सुखदेव मरसकोल्हे,
भिवाबोडीच्या बांधावर एकतीस वर्षं चौकीदार,
त्यातली एकोणीस रोजंदारीवर.

मातीचा बांध. लांबी आठशे चाळीस मीटर.
उद्देश : पूरनियंत्रण.
म्हणजे वर्षभर रिकामं बसून राहणं
आणि एखाद-दोन रात्री
नागपूरच्या वाट्याचं पाणी छातीवर घेणं.

दगडी अस्तर खचलेलं : तीन ठिकाणी.
घुशींची बिळं : असंख्य.
"असंख्य नका लिहू मॅडम,
वरचे इचारतात किती. अकरा लिहा."
बाभळी : सात.
मुळं आत कुठवर गेलीत ते बाभळींनाच ठाऊक.
दाबमापक नळ्या पाच, त्यांतल्या चार गंजलेल्या.
पाचवीत कुणीतरी खर्‍याच्या पन्न्या कोंबल्यात.

पायथ्याशी पाझर.
मरसकोल्हे उकिडवे बसतात,
पिशवीतून काचेची बाटली काढतात
(कधीकाळी तिच्यात खोकल्याचं औषध होतं),
भरतात, उन्हात धरतात, एक डोळा मिटून.
"नितळ हाय.
नितळ रायलं तं समजाचं, बांधाले घाम सुटला.
गढूळ आलं तं समजाचं, माती घरून निघाली."

चौकीच्या खिडकीत अशा बाटल्यांची रांग,
प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख.
तेवीस जुलैच्या बाटलीत तळाशी
नखाएवढी पिवळी माती.
"त्या राती झोपलो नाही मी.
सायबाले फोन लावला. सायेब म्हणे, किती लिटर?
म्या म्हटलं, लिटर नाही जी, रंग."

प्रपत्रात रंगाचा रकाना नाही.

पान बारावं : धोक्याची श्रेणी.
जुन्या फायलीत निळ्या शाईत कुणीतरी सुबक लिहिलंय :
अल्प. खालच्या अंगास तुरीची शेतं व एक देऊळ.
मी मान वळवते.
देऊळ सापडत नाही पटकन.
तुरीच्या जागी लेआउट, लेआउटला लागून लेआउट,
नाल्यावर स्लॅब टाकून उठवलेलं मंगल कार्यालय,
गच्च्यांवर चादरी,
आणि शाळेची पिवळी बस वळतेय
बुजवलेल्या नाल्याच्याच वळणानं.

बांध इंचभरही हललेला नाही.
माणसं त्याच्या पायाशी येऊन राहिली
आणि तो जागच्या जागी धोकादायक झाला.
मी 'अल्प' खोडते. 'उच्च' लिहिते.
एवढ्याशा शब्दाला पेन दोनदा अडतं.

"मंग कोन्त्या वर्गात टाकलं धरणाले?"
दुसऱ्या.
"सत्तर वर्षांत दुसरीतच?"
हसतात. स्वतः चौथी पास.
"मंग तिसरीत कदी जाते?"
इथे उलटं असतं, मी सांगते.
तिसरीतून आलंय ते.
थकत जाईल तसा एकेक वर्ग खाली.
दुसरा म्हणजे तातडीची दुरुस्ती,
आणि पहिला…
ते बाटलीचं बूच आणखी आवळतात, आवळलेलं असूनही.

"तातडी म्हणजे किती दिस?"

मागच्या अहवालात हाच शब्द आहे,
त्याच्या मागच्यातही, टंकयंत्रावरचा,
'त' जरासा वर उडालेला.

परतताना सांडव्याच्या भिंतीवर बसून चहा.
थर्मास त्यांचा, कप एकच, तो मला.
मार्चात रिटायर होतात म्हणाले.
जागेवर कोण? मी विचारलं नाही.
तो कागद माझ्याच टेबलावरून गेला होता :
पद निरसित.

शेवटचं पान. शेरा.
गाडी सुरू झाल्यावर गुडघ्यावर ठेवून लिहिते,
अक्षर हेलकावतं :
चौकीदारास काचेच्या बाटल्या पुरवाव्यात.
नग चोवीस.
वरून विचारतील, कशासाठी.
विचारू देत.